म्हशीला तू, मला तुम्ही

छबुआत्या : आन् मंग? भगवानराव काय म्हणले?

शीला : काहीच न्हाई. चष्मा काढला, पुसला, परत घातला आन् माझ्याकडं बघत बसले.

छबुआत्या : बघतेल न्हाई तर काय करतेल! पंच्याहत्तर वर्षाच्या माणसाला तू ‘काय बे, बरं हाय का’ म्हणलीस?

शीला : मी तर प्रेमानं म्हणले. पारावर सगळे एकमेकाला बेच म्हणायलेत की.

छबुआत्या : ते गडी हायेत. गड्यागड्यात चालतंय. पोरीनं म्हणायचं नसतंय ते, आन् आजोबाच्या वयाच्या माणसाला तर बिलकूल न्हाई. माला, तू हिच्यासंगं होतीस ना? गप ऱ्हायलीस?

वनमाला : मला वाटलं, त्यांच्या डेन्मार्कमध्ये चालत असेल तसं.

शीला : ऐकलंस, आत्या? ‘त्यांच्या’! मी हिच्यापासून दोन हातावर उभी हाय आन् ही म्हणती ‘त्यांच्या’.

(युसूफ वडगाव. पंचमीच्या आदल्या दिवशीची दुपार. अंगणातल्या लिंबाच्या फांदीवर झोक्याचं चऱ्हाट टाकलंय, गाठ मारायची तेवढी राहिली आहे. छबुआत्या पंचमीसाठी माहेरी आलीय आणि दोन्ही तळहातांवर ओली मेंदी घेऊन बाजेवर बसलीय. समोर तिच्या दोन भावांच्या दोन लेकी. दोघी सोळा वर्षांच्या.)

छबुआत्या : ते ऱ्हाऊ दे. आधी माझ्या नाकाचं बघा. लई खाजायलंय.

शीला : कुठं? इथं?

छबुआत्या : वर. आणखीन वर. हां, तिथंच. मेंदी लावली की नाक खाजलंच पायजे, असा नेम कुणी करून ठिवलाय काय की.

शीला : आणखी कुठं खाजवायचं असंल तर आताच सांग. माझी सुट्टी संपायली.

छबुआत्या : आन् ती सुट्टी उन्हाळ्याची म्हणं! श्रावण लागला, सोयाबीन गुडघ्याला आलं, आन् हिचा उन्हाळा चालूच. सोमेश्वर आपल्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करता करता लेकराला कोणत्या मुलखात घेऊन गेला की!

शीला : तिकडं हाच उन्हाळा असतोय. ऊन पडलं की मास्तरसुद्धा गवतात जाऊन लोळतेत.

छबुआत्या : उन्हात? आपल्या मर्जीनं?

शीला : खुशीनं.

छबुआत्या : त्येंला म्हणावं, वैशाखात युसूफ वडगावला या. फुकट लोळवू.

शीला : आत्या, मस्करी सोड. परवा पहाटं माझी गाडी हाय. तीन आठवडे झाले मला येऊन. ल्हानपणी मला ‘सत्ते’ म्हणून हाक मारायची माला, आन् आता तिनं अजून एकदा बी मला ‘तू’ म्हणलं न्हाई. तुला तू म्हणती. तिच्या आईला तू म्हणती. म्हशीला तू म्हणती. मला तेवढं ‘तुम्ही’! ‘तुम्ही चहा घेणार का? तुम्हाला डास चावतात का?’

छबुआत्या : मान द्यायली की तुला.

शीला : मला नको मान. मला म्हशीइतकंच पायजे.

वनमाला : पाहुण्यांना तुम्हीच म्हणतात.

शीला : पाहुणी कावून? मी इथंच जन्मले. ह्या लिंबाखाली माझा पयला दात पुरलाय.

वनमाला : तो माझा दात होता. तुमचा पत्र्यावर फेकला होता.

छबुआत्या : बघा! कुणाचा दात कुठं गेला तेसुद्धा ध्यानात हाय हिच्या, आन् म्हणती पाहुणी. बरं, तोंडासंगं हात बी चालवा. उद्या गल्लीतल्या सगळ्या लेकीबाळी इथंच येणार हायेत झोका खेळायला. धरा ते टोक.

वनमाला : अहो, अशी गाठ नाही मारत. सुटेल ती.

शीला : सुटत न्हाई. पप्पा शंभर मीटरवर हीच गाठ मारून लोंबकळतेत.

वनमाला : त्यांना तिथे वर कंपनीने हेल्मेट दिलेलं असतं. तुम्ही पडलात तर आम्हाला ऐकावं लागेल.

छबुआत्या : ‘पडलात’! माय माय, तहसीलदारीण बोलायली जणू. नवलच हाय बाई. लातूरला क्लासला गेलेली रेडिओवाणी बोलायली, आन् परमुलखातनं आलेली आपल्या हापशावाणी कुरकुर करायली. तुमच्यात काही अदलाबदल झाली का काय?

वनमाला : त्या मुद्दाम बोलतात, आत्या.

शीला : काय मुद्दाम?

वनमाला : हेच. ‘लई’, ‘न्हाई’, ‘कावून’.

शीला : मंग काय बोलू?

वनमाला : मला कळतं सगळं. लातूरला पहिल्याच दिवशी मी वर्गात उठून विचारलं, ‘सर, हे असं कावून?’ झालं. दोन महिने मला सगळे ‘कावून’ म्हणून हाक मारत होते. ‘ए कावून, वही दे. कावून आली, कावून गेली.’ होस्टेलच्या आरशासमोर उभी राहून राहून घालवलं मी ते. जिभेला वळण लागेपर्यंत झोपायचे नाही. आणि तुम्ही इथे गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्या गल्लीसमोर, ‘माला, मला घ्यायला कावून आली न्हाईस गं?’ सगळे हसले.

शीला : ते मला हसले.

वनमाला : मला वाटलं, तुम्ही माझी नक्कल करताय. परदेशात राहता, चार भाषा बोलता, आणि इथे येऊन आमचं बोलणं करून दाखवता.

शीला : अगं, मला दुसरं येतच न्हाई!

वनमाला : काकू तर किती शुद्ध बोलतात.

शीला : आई शिकवून शिकवून बेजार झाली. तिथल्या मराठी मंडळात मला नाटकात घेतच न्हव्हते. एका साली घेतलं तर मोलकरणीचं काम दिलं.

छबुआत्या : आन् तू केलंस?

शीला : केलं की! सगळ्यात जास्ती टाळ्या मलाच. आई तेवढी मागच्या खुर्चीत जाऊन बसलती.

वनमाला : मग बदलायचं ना. मी नाही का बदललं?

शीला : कावून बदलू? शाळेला सायकलवर जाते मी. चार किलोमीटर, एकटी. वारं असलं सुटतंय की डोळ्याला पाणी येतंय. रोज जाताना तुझ्यासंगं बोलत जाते. आज काय झालं, कोण काय म्हणलं, सगळं. तू जे म्हणली असतीस ते बी मीच म्हणते, तुझ्या आवाजात. आता इथं आले तर तू दुसऱ्याच आवाजात बोलायलीस. मंग मी आठ वर्षं कुणासंगं बोलले?

छबुआत्या : माला, जरा माझा पदर घे आन् माझ्या डोळ्याला लाव. हात ओले हायेत माझे.

वनमाला : आता का रडतेस तू?

छबुआत्या : मेंदीचा वास जायलाय डोळ्यात. पूस गुमान.

वनमाला : एवढं रोज बोलायचं होतं, तर जाताना एक शब्द का नाही बोललात?

शीला : कवा?

वनमाला : कवा म्हणजे? आठ वर्षांपूर्वी. असाच पंचमीचा आदला दिवस होता. झोका बांधून झाला होता. आपलं ठरलं होतं, उद्या दोघींनी उभ्याने झोका चढवायचा आणि त्या वरच्या फांदीच्या पानांना पाय लावायचा. सकाळी उठले तर तुमचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि रात्रभर माझ्या शेजारी झोपून तुम्ही गप्प राहिलात.

शीला : मला म्हाईत न्हव्हतं.

वनमाला : स्वतःच्या घरचं माहीत नव्हतं?

शीला : तुझ्या गळ्याशपथ. मला म्हणले, मुंबईला इमान बघायला चल. मी म्हणले, आज पंचमी हाय. तर म्हणले, दुपारपर्यंत येतोय की परत. गेलाव. काचातनं इमान बघितलं. मंग म्हणले, आता आतनं बी बघ. मी आत जाऊन बसले, सगळी बटणं दाबून बघितली, आन् म्हणले, बघून झालं, आता चला, माला वाट बघायली. तर आई रडायला लागली. आन् तेवढ्यात ते चालूच झालं.

वनमाला : कोण म्हणालं तुम्हाला, विमान बघायला चल म्हणून?

शीला : आत्या.

वनमाला : मला ‘दुपारपर्यंत येतेच ती’ म्हणाली, तीही आत्याच.

शीला : आत्या?

छबुआत्या : मेंदी वाळली का बघा बरं माझी.

वनमाला : आत्या, बोल.

छबुआत्या : हां. मीच म्हणले. दोघीला बी मीच म्हणले. सोमेश्वर पहाटं बॅगा घेऊन उंबऱ्यातच अडकून पडला होता. पाय निघंना त्येचा. तुमी दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या असत्या, तर त्यो गेलाच नसता. मला वाटलं, लेकरं हायेत, चार दिवस रुसतेल आन् इसरतेल. आठ वर्षं धरून बसतेल, हे मला काय ठावं!

शीला : मला तर तू दर पंचमीला फोनवर सांगायचीस, माला अभ्यासाला बसलीय म्हणून.

छबुआत्या : फोन आला की ही मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायची. काय सांगू मंग? त्या पंचमीला ही दिसभर झोक्याच्या एका अंगाला उभी. दुसरं अंग मोकळं. कुणाला चढू दिलं न्हाई. रस्त्यावर जीप वाजली की खाली उतरायची, जीप गेली की परत चढायची. मी खिडकीतून बघायची आन् आत जाऊन दिंडं वळायची. माझं चुकलं बायांनो. खोटं बोलले मी लेकरांसंगं. दर पंचमीला ही फांदी बघितली की मला घास गोड लागत न्हाई.

वनमाला : मग आधी का नाही सांगितलंस?

छबुआत्या : तोंड न्हव्हतं मला. आज हात अडकलेत मेंदीत, पळून जायला जागा न्हाई, म्हणून सांगायले. आन् आणखी एक सांगते, शीला. तवापासनं हिनं दोघींचा उभ्यानं झोका कुणासंगंच घेतला न्हाई.

वनमाला : मला चक्कर येते म्हणून.

छबुआत्या : जत्रेतल्या आकाशपाळण्यात ओळीनं तीनदा बसलीस, तवा कुठं गेलती चक्कर?

शीला : गाठ झाली. फळी दे.

वनमाला : ओढून बघितलीत का नीट?

शीला : बघ की तूच. लोंबकळ.

वनमाला : ठीक आहे. बसलीय.

शीला : मी चढले. हे माझं अंग. ते तुझं.

वनमाला : मी नंतर येते.

शीला : एकटीनं चढत न्हाई ह्यो झोका. बघ, वाकडा जायलाय. आत्या, बघ, मी भवऱ्यावाणी फिरायले!

छबुआत्या : माला, जाय बाई. ओकंल ती. दुपारी चार पुरणपोळ्या खाल्ल्यात तिनं.

वनमाला : थांबा. फिरू नका. पाय तिकडे घ्या जरा. आवळून धरा.

शीला : धरलंय.

वनमाला : आधी हळू. मी खाली गेले की तुम्ही वर. मी वर गेले की तुम्ही गुडघ्यात वाकायचं.

शीला : म्हाईत हाय मला.

वनमाला : चला. एक. दोन. वाका. आता मी. वाका! उशीर होतोय तुमचा. आता! अगं आता! वाक की, सत्ते! सरळ काय उभी ऱ्हायलीस खांबावाणी? मी वर गेले की तू वाकायचं, किती डाव सांगायचं गं तुला!

छबुआत्या : आला गं माय! ‘तू’ आला!

शीला : गप, आत्या! तिला कळू देऊ नको.

वनमाला : काय कळू देऊ नको?

शीला : काही न्हाई. वर बघ. फांदी आली. पाय लाव, लाव!

वनमाला : लागला! माझा लागला! तुझा?

शीला : पानं आलीत बोटात. हे बघ.

छबुआत्या : अगं हळू, हळू! मेंदीच्या हातानं मला कुणाला झेलता बी येणार न्हाई.

वनमाला : सत्ते.

शीला : काय गं?

वनमाला : परवा किती वाजता निघायलीस?

शीला : पहाटं चारला गाडी यायलीय.

वनमाला : मी झोपेत असले तर उठवून जाय.