चार बोटं माया

दवाखान्यात माझ्याशेजारी एक नवरा-बायको बसले होते. तिच्या मांडीवर लेकीचा नवा फ्रॉक होता.

“ही खालची दुमड बघा. आत चार बोटं जास्तीचं कापड ठेवलंय, त्याला माया म्हणतात.”

“मला कशाला सांगतेस?”

“पोर उंच झाली की शिवण उसवायची, कापड खाली सोडायचं आणि तुरपाई करायची. हातानं बारीक टाके घालायचे, बाहेरून दिसता कामा नयेत.”

“ते तूच कर.”

“मी असले तर करीनच.”

त्यानं दुमड चाचपून पाहिली. मग म्हणाला, “माझे टाके दिसतील गं.”

“दिसू देत. बाबांनी घातलेत म्हणून सांगेल सगळ्यांना.”

आतून तिला ऑपरेशनसाठी हाक आली. ती उठली, तसा त्यानं फ्रॉक स्वतःच्या हातात घेतला.

“थांब जरा. उसवल्यावर काय करायचं म्हणालीस?”