पहिला उकार

आई : अहो, तुम्ही मध्ये बोलू नका. ताई, मला एवढंच सांगा, उकार बदलला तर चित्र बदलेल का?

चित्रकार : बदलेल.

आई : थोडंसं?

चित्रकार : थोडंसं नाही, सगळंच. मी हाताने चित्र काढत नाही हो, प्रोग्राम लिहिते. त्याला नाव दिलं की त्या अक्षरांवरून तो रंग नि रेघा ठरवतो. ‘ठमु’ आणि ‘ठमू’, त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

आई : माझी एकच होती.

चित्रकार : हो. चुकलं माझं. माफ करा.

आई : माफी कसली? ती गेली त्याला वर्ष झालं, तरी लोक माझ्यासमोर चाचरतात. मला काही होत नाही. खरंच, काहीच होत नाही.

बाबा : जेवते, शाळेत शिकवायला जाते, झोपते.

आई : आणि हे तुम्ही केलेल्या तिच्या चित्रासमोर बसतात. म्हटलं, बसू दे. परवा त्याचा स्क्रीन पुसायला घेतला, तर खाली कोपऱ्यात नाव. पहिला उकार! शब्दातलं शेवटचं अक्षर दीर्घ, हे आमच्या पाचवीतल्या पोरांनाही येतं. स्वतःच्या मुलीचं नाव यांना धड लिहिता आलं नाही.

चित्रकार : दादांनी पाठवलं तसंच मी घातलं. दुरुस्त करून देते. पण मग जुनं पुसावं लागेल, आणि ते पुन्हा काढायचं नाही. एका माणसाचं एकच चित्र, याच बोलीवर संग्राहक माझ्याकडून घेतात. दादांना माहितीये, त्यांच्याकडे माझी बरीच आहेत.

बाबा : बाकीची बंदच असतात.

आई : आधी नवं दाखवा.

(चित्रकार नाव टाइप करते. तिघंही स्क्रीनकडे बघत राहतात.)

आई : निळं आलं.

चित्रकार : हो, आणि रेघा शांत आहेत. जुन्यात नुसती पळापळ होती.

आई : छान आहे. नीटनेटकं. अहो, बघा तरी.

बाबा : बघितलं.

आई : मग?

बाबा : ही कोण, मला कळत नाही.

आई : कोण म्हणजे? आपली ठमू. नाव बरोबर लिहिलेली.

बाबा : ती तसं लिहायची नाही.

आई : काय?

बाबा : पहिलाच उकार काढायची. चपलांच्या आत, गाडीच्या काचेवर, माझ्या हातावर पेनाने.

आई : काहीतरीच. कायम दुसरा काढायची.

बाबा : तुझ्यासमोर. मला म्हणायची, बाबा, मी छोटी आहे ना, मग मला छोटाच उकार. आईला सांगायचं नाही.

आई : आणि तुम्ही वर्षभर बोलला नाहीत?

बाबा : तिचा विषय काढला की तू उठून आत जायचीस.

चित्रकार : ताई, काय करू? नवं ठेवू?

आई : नको.

चित्रकार : नक्की? नाव चुकीचंच राहील.

आई : राहू दे. ते तिने मला तपासायला दिलं नव्हतं.