वारसांची यादी फुटली कशी?

रविवार, सकाळचे दहा. जुन्या पनवेलमध्ये दामले काकूंच्या ओट्यावर आम्ही पाच जण उभे. जुनी घरं वाचवण्याची हौस आम्हाला! घर राखायला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, म्हणून कोणता वारस कुठे राहतो याची यादी आम्ही महिनाभर खपून केली होती.

काकू खिडकीतूनच कडाडल्या, "आता कशाला आलात? काल सकाळी बिल्डरचा माणूस येऊन गेला. त्याने निदान पेढे तरी आणले!"

"काकू, तुम्ही हो म्हणालात?"

"मला विचारतंय कोण? नागपूरच्या भावजींना त्याने इथूनच फोन लावला. ते फ्लॅटवर खूश. मी काय एकटी भांडू? आणि यादी तुमचीच होती त्याच्याकडे. ही घ्या, विसरून गेलाय."

आमचे अध्यक्ष घाईने म्हणाले, "झेरॉक्सवाल्याने फोडली असणार, दुसरं कोण!"

"साहेब, झेरॉक्सवाल्याला मध्ये ओढू नका," मी म्हटलं आणि कागद त्यांच्या नाकासमोर धरला. भावजींचा नवा नंबर त्या झेरॉक्सवर नंतर पेनाने लिहिलेला होता. तो आम्हाला शुक्रवारी संध्याकाळच्या बैठकीतच मिळाला होता, आणि त्या बैठकीला आम्ही पाचच जण होतो.