दोन खोल्यांत वाढलेली संस्था

…नाही, पण मला सांगा, माणसानं समाजसेवा करावी, जरूर करावी, पण म्हणून स्वतःच्या घरात आडवं चालावं? खेकड्यासारखं? तुम्हाला सांगतो, मुलुंड पूर्वेला माझं दोन खोल्यांचं घर, कर्ज काढून घेतलेलं, आणि त्या घरात दारापासून मोरीपर्यंत मी कित्येक वर्षं आडवा जात होतो! का? तर डावीकडे चाकाच्या खुर्च्या, उजवीकडे कमोडच्या खुर्च्या, मधे कुबड्यांची मोळी, खिडकीत ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि सलाईनच्या स्टँडवर… माझे शर्ट! वाळत! पाहुणा आला की दारातच थबकायचा आणि हळूच विचारायचा, ‘नंदकिशोर, घरात कोण सीरियस आहे रे?’ अहो, कोणी नाही! आम्ही सगळे ठणठणीत! ही आमची संस्था आहे!

पण सुटलो. तुम्हाला सांगतो, सुटलो!

आता ही संस्था मी काढली का? छे! ती निघाली. माझी आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती, तिच्यासाठी चाकाची खुर्ची घेतली होती. आई गेली. खुर्ची राहिली. तिच्याकडे बघवेना हो… शेवटी सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, ‘कुणाला तरी द्या. नुसती ठेवून काय करायची?’ समोरच्या चाळीत धाकूमामा राहतात, गिरणीत होते, संपात नोकरी गेली आणि त्यात जिन्यावरून पडून पाय मोडला, त्यांना नेऊन दिली. काही महिन्यांनी बरे झाले, खुर्ची परत घेऊन आले… आणि सोबत कुणाच्या तरी कुबड्या! ‘नंदू, ह्यो पण ठेय रे, कोणाक तरी लागतल्यो.’

झालं! त्या ‘कोणाक तरी’नं माझी वाट लावली. भांडुपहून कोणी वॉकर आणून दिला, विक्रोळीहून कोणी वरखाली होणारी कॉट पाठवली, तीही टेंपोतून, तीही मी ऑफिसला गेलेलो असताना! माणूस बरा झाला तरी सामान आमच्याकडे, माणूस गेला तरी सामान आमच्याकडे. आणि मागायला लोकही येतच होते, आणि कोणाला नाही म्हणायचं? दाराशी एखादी बाई उभी, नवऱ्याला अर्धांगाचा झटका आलाय, तिला काय सांगणार, आमच्याकडे रविवारी सुट्टी असते? मग मी स्वतः, खांद्यावर कमोडची खुर्ची घेऊन, कांजूरला निघालोय… शेजारी विचारतायत, ‘कुठे, पार्टीला का?’

एकदा हिची रुक्मिणीमावशी चिपळूणहून आली. बसायला जागा नाही. बसली ती नेमकी कमोडच्या खुर्चीवर, वर फळी होती म्हणून कळलं नाही, आणि अख्खी दुपार तिथंच बसून मटार सोलले. जाताना म्हणते, ‘सुनंदा, खुर्ची झकास आहे गं. आमच्याकडे अशी मिळत नाही.’ आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे!

अशात आमच्या ऑफिसातला विद्याधर घरी आला. ह्याला कंपनीनं लोणावळ्याला मॅनेजमेंटच्या कोर्सला पाठवलं होतं, आणि तेव्हापासून तो साधा चहा पीत नव्हता, ‘टी-ब्रेक प्लॅन’ करत होता! आडवा होऊन आत आला, कॉटवर टेकला, आणि म्हणतो कसा, ‘नंद्या, तू लीडर आहेस का हमाल? अरे, संस्था वाढतेय! आता नाव पाहिजे, नोंदणी पाहिजे, कमिटी पाहिजे, जागा पाहिजे! आणि त्यासाठी फंड, यार, फंड! मागायला शीक!’

मागायला शीक! मी! तुम्हाला सांगतो, मला मागताच येत नाही हो. बसमध्ये कंडक्टरकडे माझेच सुटे पैसे राहिले तर ते मागायला मला लाज वाटते. तो विसरतो आणि मी त्याला ‘थँक्यू’ म्हणून उतरतो! आणि मी देणग्या गोळा करणार? पण नोंदणी झाली, मी अध्यक्ष झालो, विद्याधर सचिव झाला, आणि सुनंदा? सुनंदा काही झाली नाही. ती फक्त सगळं पुसायची.

पहिली योजना, स्मरणिका! जाहिराती गोळा करायच्या. गेलो दोघं दुकानादुकानांतून. मी आपलं कॅलेंडर बघत उभा, विद्याधर बोलतोय, दुकानदार ‘दिवाळीनंतर या’ म्हणतोय. सगळी मुलुंडची बाजारपेठ दिवाळीनंतर! एकच माणूस स्वतःहून घरी चालत आला, धोंडिराम म्हणून. म्हणाला, ‘मागचं अख्खं पान माझं. रोख देतो.’ मला इतका आनंद झाला! म्हटलं, ‘वा! आपला व्यवसाय?’ म्हणतो, ‘अंत्यविधीचं सामान.’ आणि वर अगदी प्रेमानं, ‘साहेब, तुमची नि माझी लाइन एकच. तुमच्याकडून सुटला की माझ्याकडे येतो.’

स्मरणिका रद्द.

तोवर आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी दारात! आत आलेच नाहीत, येणार कुठून? बाहेरूनच, ‘पाटकर, जिन्यात कॉट, पॅसेजमध्ये सिलिंडर, ही राहायची जागा आहे का इस्पितळ? महिनाअखेर सगळं हललं नाही तर मी सामान खाली अंगणात काढणार!’ आणि तुम्हाला सांगतो, माणूस चुकीचं बोलत नव्हता हो. तेच तर दुखत होतं!

आता आली का पंचाईत? विद्याधर म्हणाला, ‘घाबरू नकोस. आता किरकोळ काही नाही. आता मोठा मासा!’ मोठा मासा म्हणजे घाटकोपरचे जयंतीभाई, लाकडाचे व्यापारी. माणूस एकदम दिलदार! आम्हाला बसवलं, फाफडा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘अरे नंदकिशोरभाई, तुमी सेवा करते, आणि जागा नाय? मुलुंड स्टेशनच्या बाजूला माझा गाळा खाली पडलाय. लेके जाव! फक्त एक काम करायचा. माझ्या पिताश्रीचा नाव… सगळ्या सामानावर पाहिजे. एकेक वस्तूवर. मंगळवारी मी बघायला येते!’

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, तीही एक भानगड आहेच! घाटकोपरहून मुलुंडपर्यंत विद्याधर नुसता फुलला होता, ‘बघ! याला म्हणतात स्ट्रॅटेजी!’ आणि लगेच फर्मान काढलं, ‘मंगळवारपर्यंत एकही वस्तू बाहेर द्यायची नाही. शेठना स्टॉक भरलेला दिसला पाहिजे.’ बाळा पेंटरला बोलावलं, हा रिक्षांवर नंबर रंगवणारा, त्याला कागद दिला, ‘कै. मगनलालजी यांच्या पुण्यस्मरणार्थ’, आणि सांगितलं, जे दिसेल त्यावर रंगव. घरभर लाल ऑइलपेंटचा वास! मी दोन दिवस झोपलो नाही, झोपलो असतो तर त्यानं मलाही रंगवलं असतं!

सोमवारी संध्याकाळी दारात एक बाई. रत्नप्रभा नाव, कांजूरची. नवरा महिनाभर अंथरुणात, पाठीला जखमा झालेल्या, डॉक्टरनं पाण्याची गादी आणायला सांगितली होती. आणि विद्याधर तिला म्हणतो, ‘बाई, उद्या आमचं उद्घाटन आहे, तुम्ही परवा या.’ ती भांडली नाही, रडली नाही, नुसती उभी राहिली. आणि मी… मी अध्यक्ष! मी खिडकीतल्या सिलिंडरकडे बघत होतो!

आतून सुनंदा आली. हात कणकेचे. म्हणाली, ‘परवा? पाठ थांबते का परवापर्यंत?’ आणि स्वतः त्या ढिगातून गादी ओढून काढली, रंग ओला होता, हिच्या पदराला लागला, त्या बाईच्या पातळाला लागला, दोघींच्या अंगावर मगनलालजी! पण गादी गेली. विद्याधर म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही डिसिप्लिन मोडलीत!’ सुनंदा म्हणाली, ‘भावजी, हात धुवा आणि जेवायला बसा.’ लोणावळ्याला ह्याचं उत्तर शिकवलं नव्हतं!

मंगळवारी शेठ आले. हार, नारळ, पेढे. आडवे होऊन आत आले, शेठ म्हणजे आडवे झाले तरी तेवढेच, पण आले! खुर्च्या बघितल्या, कुबड्या बघितल्या, वडिलांचं नाव बघून डोळ्यांत पाणी! मला वाटलं, सुटलो! आणि तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातलं पांढरं भांडं उचललं. बेडपॅन. बाळानं तोही सोडला नव्हता. बाहेरून गोलाई म्हणून ब्रश घसरत होता म्हणे, म्हणून त्यानं नाव रंगवलं होतं… आतून! तळाला! कमानदार अक्षरांत! खाली दोन फुलं!

शेठनी वाचलं. परत वाचलं. मला म्हणाले, ‘ये सूं छे?’ विद्याधर म्हणाला, ‘शेठ, ते… फुलदाणी.’ त्याच वेळी खालचे एक आजोबा आत डोकावले, ‘पाटकर, बेडपॅन आहे का हो रिकामा?’

शेठ गेले. हार तसाच गळ्यात घेऊन गेले! गाळा गेला, मासा गेला, विद्याधरही गेला, म्हणाला, ‘माझा राजीनामा समज.’ आणि मी त्या ढिगाच्या मधोमध बसलो. खोटं कशाला सांगू, मला हसूही येईना. म्हटलं, सुनंदा, बंद करू या. महिनाअखेर आली. हे भंगारात देतो. आईची खुर्ची तेवढी ठेवतो.

ती म्हणाली, ‘बंद कशाला? इतकी वर्षं तुम्ही एकटे उचलताय. दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिलात? आणि मागायचं म्हणजे पैसेच मागायचे, असं कुठं आहे? मला विचारा ना, मी मागते.’

आणि रविवारी तिनं मागितलं! आमच्याकडून सामान नेलेली जेवढी घरं आठवली तेवढ्यांना निरोप धाडला, बिल्डिंगच्या अंगणात बोलावलं, आणि भाषण नाही, हार नाही, पदर खोचून सरळ म्हणाली, ‘मला पैसे नकोत. एकेकानं एकेक वस्तू आपल्या घरी न्या. आपल्या गल्लीत कुणाला लागली तर तुम्हीच द्या, तुम्हीच परत आणा. चाक मोडलं तर आपल्या गल्लीतच हाक मारा, दुरुस्त करून घ्या. आमच्याकडे यायची गरज नाही.’

कोणी हलेना. मी म्हटलं, संपलं! आणि मागून धाकूमामा, लंगडत, ‘गो सुनंदा, माका दोन खुर्च्यो दी. गिरण बंद पडली, हात रिकामेच आसत. मी नेतलंय, मी आणतलंय!’ की एकदम उठले सगळे! ‘आमच्या जिन्याखाली कॉट राहील’, ‘कुबड्या मला, माझं दुकान बसस्टॉपला आहे, लोकांना सोयीचं’, आणि तुम्हाला सांगतो, दुकानवाला तो, ज्यानं मला दिवाळीनंतर या सांगितलं होतं, तोच म्हणतो, ‘वहिनी, चाकांना ट्यूब लागतील त्या माझ्याकडून!’ मी मागितलं तेव्हा देणगी होती, आता त्याच्या दारातल्या कुबड्या होत्या ना! रत्नप्रभाबाईंनी कांजूरच्या सगळ्या गाद्या सांभाळायचं कबूल केलं. नवऱ्याची पाठ सुकत आलीय म्हणाल्या. सुनंदानं त्यांचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.

आणि दोन आठवड्यांनी जयंतीभाईंचा माणूस आला. बेडपॅन सगळे त्यांच्या लाकडाच्या वखारीत ठेवणार, घाटकोपरला ज्याला लागेल त्याला देणार. फक्त निरोप होता, ‘नाव नको. अजिबात नाव नको.’

सुटलो! तुम्हाला सांगतो, सामान वाटलं त्या रविवारी संध्याकाळी मी दारापासून मोरीपर्यंत सरळ चालत गेलो. हात पसरून! परत आलो. परत गेलो! सुनंदा हसतेय, सेक्रेटरी दारात, आणि आत येऊन बघतात तर काय, चक्क फरशी! आमच्या घराला फरशी होती हो, हिरवी, मी विसरूनच गेलो होतो! संस्थेला आता अध्यक्षबाई आहेत, त्यांचं नाव सुनंदा पाटकर, आणि अध्यक्षबाईंनी मला कामच दिलेलं नाही! इतकं हलकं वाटलं, काय सांगू…

मग म्हटलं, चला, जरा बसू या. इकडे बघतो, तिकडे बघतो. बसू कशावर? आईची खुर्ची धाकूमामांनी नेलेली, आणि त्या गडबडीत लोक आमच्या घरच्या खुर्च्याही घेऊन गेले! माझी हातांची आरामखुर्ची भांडुपला, दम्याच्या एका म्हाताऱ्याकडे. म्हटलं, ही तर माझी आहे, ही तरी मागायचीच! गेलो हो, निश्चय करून गेलो. तर म्हातारा तिच्यात बसल्या बसल्या गाढ झोपलेला. सून म्हणाली, ‘किती दिवसांनी झोपलेत, आडवं झालं की खोकला येतो.’ मी म्हटलं, ‘मान अवघडली असेल त्यांची.’

आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माझी उशी देऊन आलो.