बंद केलेल्या गोळ्या आणि गुरुवारची ओपीडी

समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले सर्व विभागप्रमुख, परिचारिका भगिनी, समोर बसलेले माझे रुग्ण बंधू-भगिनी, आणि जिना चढू नका म्हटलं तरी आजही जिन्यानेच वर आलेल्या आमच्या सत्कारमूर्ती डॉक्टरबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आयोजकांनी मला बजावलंय, ‘रुग्णांच्या वतीने दोन गोड शब्द बोला.’ पण काय करणार? माझं आतडं पहिल्यापासून नाजूक, जास्त गोड मला पचत नाही.

मी बंदरावर क्रेन चालवते. जहाजातले कंटेनर उचलायचे आणि ट्रकवर ठेवायचे. वर काचेची केबिन, खाली माणसं मुंग्यांएवढी. अशा ठिकाणी मोठ्या आतड्याला व्रण होण्याचा आजार असणं म्हणजे काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे. तिथे संडास नसतो! पण डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी आजार असा काबूत आला, की मी आजारी आहे हे मीच विसरले. मग लग्न झालं. मूल हवं म्हटल्यावर बाई म्हणाल्या होत्या, “खुशाल होऊ दे. तुझ्या या गोळ्या गरोदरपणात चालतात. फक्त मला विचारल्याशिवाय एकही बंद करू नकोस.”

दिवस गेले, आणि नेमक्या तेव्हाच बाई आपल्या आजारी आईजवळ परगावी गेलेल्या. मी याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, प्रसूती विभागात नाव घालायला गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

“हे सगळं आजपासून बंद.”

मी म्हटलं, “सर, पण आमच्या बाई म्हणाल्या होत्या...”

“तुम्हाला बाळ हवंय की गोळ्या?”

सभागृहातल्या स्त्रियांनो, मला सांगा, या प्रश्नाला कोणती बाई काय उत्तर देईल? हा काय प्रश्न झाला? हा सल्ला आहे की धमकी?

घरी सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. आमच्या वेळी साधी डोकेदुखीचीही गोळी कुणी घेत नसे.” नणंद म्हणाली, “वहिनी, थोडी कळ सोस ना बाळासाठी.” तरी मनाला चैन पडेना, म्हणून मी गुपचूप औषधाच्या दुकानात गेले. दिवस गेलेत असं सांगून गोळ्या मागितल्या, तर दुकानदाराने माझ्या पोटाकडे पाहिलं, गोळ्यांकडे पाहिलं. “ताई, या अवस्थेत? हे पाप मी माझ्या माथी घेणार नाही.” पाप! अहो, माझं पोट, माझं बाळ, माझा आजार, आणि पापपुण्याचा निवाडा करणार गल्लीतला दुकानदार! एकालाही वाटलं नाही की परगावी गेलेल्या बाईंना एक फोन लावावा. मी लावला, तर मिळाला नाही. शेवटी गोळ्या बंद झाल्या.

चौथ्या महिन्यात, वर केबिनमध्ये असताना पोटात अशी मुरड आली की डोळ्यांपुढे अंधारी. खाली लटकलेला कंटेनर, त्याच्याखाली माणसं. दात आवळून तो जागेवर ठेवला आणि वायरलेसवर म्हटलं, “मला कुणीतरी खाली न्या.” शिडीवरून उतरवलं तेव्हा कपडे रक्ताने भिजलेले. मला वाटलं, बाळ गेलं.

बाळ गेलं नव्हतं. रक्त आतड्याचं होतं. पण ताप होता, वजन उतरलेलं, अंगात त्राण नव्हतं. डॉक्टरबाई मिळेल त्या गाडीने परत आल्या आणि माझ्या खाटेवर बसल्या. त्यांनी एकच विचारलं, “गोळ्या कोणी बंद केल्या?”

मी सांगितलं. पण त्या मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ऐक, तुझ्या बाळाला या गोळ्यांची नाही, भडकलेल्या आजाराची भीती आहे. आई जळत असली तर पोटातलं बाळ गार कसं राहील?”

सासूबाईंनी हात जोडले. “डॉक्टरबाई, गोळ्या परत चालू केल्या तर काही होणार नाही याची खात्री देता?”

“खात्री कुणीच देऊ शकत नाही, आजी. बंद करणाऱ्यांनीही दिली नव्हती. त्यांनी नुसती भीती दिली.”

औषधं सुरू झाली. आजार शमला, पण उशीर व्हायचा तो झालाच. लेक दिवस भरण्याआधी आली, माझ्या तळहातात मावेल एवढं तिचं डोकं. काचेच्या पेटीत नळ्या लावलेली ती पोर पाहत मी बाहेर उभी राहायची. आज ती धडधाकट आहे, मागच्या रांगेत बसून ‘आई, आवर’ अशा खुणा करतेय. आवरत नाही मी! दुसऱ्या खेपेला मी एकही गोळी चुकवली नाही, सासूबाई स्वतः पाणी घेऊन उभ्या राहायच्या. मुलगा पूर्ण दिवसांचा झाला आणि असा रडला, की सगळा वॉर्ड जागा झाला.

त्यानंतर बाईंनी गुरुवारची ओपीडी सुरू केली. आतड्याचा आजार असलेल्या, मूल हवं असलेल्या किंवा पोटुशी असलेल्या बायकांसाठी. आणि बाई सरसकट ‘चालू ठेवा’ म्हणत नाहीत बरं का! एका मुलीचं औषध बाळाला खरोखर घातक होतं, ते त्यांनी दिवस जाण्याच्या कितीतरी आधी बदललं. याला म्हणतात जाणणं. प्रसूती विभागाच्या सरांनाही त्यांनी हाताला धरून तिथे आणून बसवलं. सरांनी माझी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पण ते दर गुरुवारी आले.

आणि आता ऐकते की बाई निवृत्त होताच ती ओपीडी बंद! त्या खोलीत म्हणे पाहुण्यांसाठी प्रतीक्षालय होणार, सोफे ठेवून. संचालक महोदय, घड्याळ नंतर बघा. ज्या बाईंना तुम्ही आत्ता शाल दिलीत, त्यांचं काम तुम्ही सोफ्याखाली घालणार? उद्या एखादी घाबरलेली पोर पाकिटं घेऊन आली, तर तिला कोण सांगणार? गल्लीतला दुकानदार?

काय म्हणताय, सर? जरा मोठ्याने बोला... मंडळी, प्रसूती विभागाचे सर म्हणतायत, गुरुवारी ते स्वतः बसतील, आणि बाईंच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांनाही बसवतील. टाळ्या नकोत, थांबा. संचालक महोदय, खोली देता का? ... मान हलली. सगळ्यांनी पाहिलं ना? आता वाजवा टाळ्या.

डॉक्टरबाई, तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू? दोन लेकरांची आई म्हणून मी तुमच्यापुढे उभी आहे, एवढंच म्हणते. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचेही आभार. पुढच्या वेळी ते बोलावतील असं वाटत नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. रागावले मात्र मी मुद्दाम, त्याची माफी मागत नाही.

नमस्कार.