सरावाचं घड्याळ

शंकरपटात कुणाची बैलजोडी किती पळंल, हे सरावावरून सांगणाऱ्याचं मी आता ऐकतच न्हाई. त्या दुष्काळात आमची अन् नरहरीआण्णाची बैलं सोसायटीच्या चारा छावणीत व्हती. शेजारच्या कोरड्या तलावात दोघांचाबी सराव चालायचा. मी घड्याळ लावून बघायचो, आण्णाची जोडी रोज मागं. गावभर सांगून मोकळा झालो, औंदा पट आपलाच!

पटाच्या दिवशी आण्णाची जोडी पहिली आली, आमची शेवटून दुसरी.

म्या विचारलं, "आण्णा, सरावात तर तुमची बैलं लई रेंगाळायची?"

"आमी छावणीकडं पाठ करून हाकायचो. तू छावणीकडं तोंड करून, तेबी चारा वाटायच्या टायमाला. तुझी बैलं पळत न्हवती बे, जेवायला चालली व्हती!"