पूजा झालेला बोर्ड

आमच्या द्रोणागिरीच्या सोसायटीतल्या पंपाचा विषय काढू नका, दमलोय मी आता.

टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून मी सर्किट बोर्ड बनवायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. व्हिडिओ बघून डिझाइन केलं, बोर्ड छापून मागवला, डोळे फोडून एकेक पार्ट सोल्डर केला. तो तयार झाला नेमका दसऱ्याला.

"आधी प्रोग्रॅम टाकून बघतो," मी म्हटलं.

"आदी पूजा," सेक्रेटरी म्हात्रेकाका म्हणाले.

बोर्ड पंपरूमच्या भिंतीवर लागला. झेंडूची माळ, नारळ, पेढे, सगळं झालं. मग मी लॅपटॉपची केबल काढली आणि बोर्डाला इकडून तिकडून लावून बघू लागलो.

"काय झाला?"

"काका, केबल लावायच्या सॉकेटचं तोंड बाहेर हवं होतं. माझ्याकडून डिझाइनमध्येच ते आतल्या पार्ट्सकडे झालंय. केबल जातच नाही."

"म्हंजे घर बांधलास नि दरवाजा भिंतीकडं ठेवलास?"

पुन्हा डिझाइन केलं, पुन्हा मागवला, पुन्हा सोल्डर केला. घरी तपासला, मस्त चालला. तो घेऊन पंपरूममध्ये गेलो, तर काका दारातच आडवे.

"जुना काडायचा नाय. पूजा झालेली हाय त्याची."

"अहो, पण तो बंद आहे!"

"आसू दे. पुडच्या दसऱ्याला बगू."

आता चालणारा बोर्ड माझ्या कपाटात आहे. वॉचमन रोज सकाळी बंद बोर्डाला उदबत्ती लावतो, आणि टाकी वाहायला लागली की धावत जाऊन पंप बंद करतो.